टेबलावर राजकारण नाही

झेनॉन ग्रोहोल्स्कीला राजकारणात काडीचा रस नव्हता. असं तो स्वतः सांगायचा. त्याला रस होता तो फक्त घरात, चर्चमध्ये, आणि देश कोण विकून खातंय यात.

रादोम शहराच्या कडेला, काँक्रीटचे तयार तुकडे जोडून उभ्या केलेल्या एका चार मजली इमारतीत तो आणि त्याची बायको यादविगा राहत. उमेदीची वर्षं त्याने बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकण्यात घालवली. मग राज्य बदललं, कारखाना विकला गेला, विकत घेणाऱ्याने तो बंद केला, आणि झेनॉन एका शाळेच्या तळघरात कोळशाच्या बॉयलरवर लागला. पुढे शाळेत गॅस आला आणि झेनॉन घरी आला. तेव्हापासून कुठलाही विषय काढा, बुटाचा असो की बटाट्याचा, झेनॉन तो दोन वाक्यांत, युरोपचा कारभार चालतो त्या ब्रसेल्सला नेऊन पोचवायचा.

त्याची मतं ठाम होती आणि वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली होती. रविवारी दुकानं बंद असावीत, कारण आठवड्यातून एक दिवस तरी माणसाला काही विकत घेता येऊ नये. शाळेत मुलांना आधी प्रार्थना शिकवावी, मग इंग्रजी. सरहद्दीला कुंपण असावं, कारण ज्या घराला भिंती असतात त्याच घरी पाहुणा येतो. भिंती नसतील तर नुसता वारा येतो. आणि कोणी रीतिभातींना हसलं की तो बोट वर करून म्हणायचा, "आपला देश सव्वाशे वर्षं नकाशावर नव्हता. पुसून टाकला होता तीन शेजारी देशांनी मिळून. तेवढी वर्षं कुठे होता तो, सांगा बघू? आज्यांच्या स्वयंपाकघरात. बीटच्या सूपात. म्हणून सूपाला हसायचं नाही."

यावर उत्तर देणारा एकच माणूस होता आणि तो भिंतीपलीकडे राहत होता.

लुत्सियान पास्तुश्का त्याच कारखान्यात चामडं कापायचा. तरुणपणी संपाच्या दिवसांत दोघं एकाच फाटकाशी, एका घोंगडीत बसलेले. पुढे झेनॉन एका बाजूला गेला आणि लुत्सियान दुसऱ्या, तरी जिन्यात भेटले की वाद घालत दोघं तळमजल्यापर्यंत उतरायचे आणि वाद संपला नाही म्हणून परत वर चढायचे. एका निवडणुकीच्या वेळी मात्र काही तरी जास्त बोललं गेलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करू लागले. "नमस्कार, पास्तुश्कासाहेब." "नमस्कार, ग्रोहोल्स्कीसाहेब." इतका मोठा अपमान रादोममध्ये दुसरा नाही.

वाद मात्र बंद पडला नाही. तो टीव्हीकडे सोपवला गेला. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की झेनॉन आपलं चॅनल मोठ्याने लावायचा, पलीकडून लुत्सियान आपलं. भिंत इतकी पातळ की मध्ये कपाट ठेवूनही दोन्ही बाजूंचे प्रवक्ते यादविगाच्या स्वयंपाकघरात समोरासमोर येऊन भांडायचे. फार झालं की झेनॉन कारखान्यातून आणलेला बुटाचा लाकडी साचा उचलून भिंतीवर ठक करायचा. पलीकडून लगेच ठकठक. लुत्सियाननेही साचा आणला होता, आणि तो मापाने मोठा होता.

*

डिसेंबर लागला तसा योव्हिताचा फोन आला. योव्हिता त्यांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याबरोबर वॉर्सात राहायची. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या संध्याकाळी, खसखशीचा केक टेबलावर येण्याआधीच, ती कोट चढवून निघून गेली होती. कारण झेनॉनच होता. वाद ब्रसेल्सवरून सुरू झाला आणि बोलता बोलता तो जावयाला म्हणाला, "तुम्हा लोकांना देश म्हणजे विमानतळ. खायचं, बसायचं आणि आपलं विमान आलं की उडायचं." जावई तिमोन गरीब स्वभावाचा, तो काही बोलला नाही. पण त्याने काटा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. नंतरचे नाताळ योव्हिताने फोनवर साजरे केले.

आता ती म्हणत होती, "येऊ आम्ही. राहूसुद्धा. पण एक अट आहे, आई. राजकारणाचा एक शब्द निघाला की मी कोट चढवते."

यादविगाने फोन ठेवला आणि नवऱ्याला टेबलाशी बसवलं.

"हात ठेव टेबलावर," ती म्हणाली. "आणि म्हण, या टेबलावर मी राजकारण बोलणार नाही."

"मी राजकारण बोलतच नाही. मी परिस्थिती सांगतो."

"हात."

झेनॉनने हात ठेवला. मग शहाण्या माणसासारखं आधी सगळं नीट विचारून घ्यावं असं त्याला वाटलं. "कोळसा?"

"राजकारण."

"रेल्वे?"

"राजकारण."

"बिशप?"

"तुझ्या तोंडून? राजकारण."

"थंडीबद्दल तरी बोलू की नको?"

यादविगाने विचार केला. "थंडी आहे, एवढं म्हण. पूर्वी जास्त पडायची म्हणालास की ते राजकारण."

झेनॉनने शब्द दिला. दिलेला शब्द तो मोडत नसे. ही त्याची मोठेपणाची बाजू होती आणि यादविगाला ती ठाऊक होती. पण त्या दिवसापासून तो अडचणीत सापडला. माफी मागायची असं त्याने मनाशी ठरवलं होतं. विमानतळाचं ते वाक्य त्याला रात्री अंथरुणात टोचायचं. पण माफी मागायची तर विमानतळ काढावा लागणार, विमानतळ काढला की देश निघणार, आणि देश म्हणजे राजकारण. म्हणजे माफीही बंद.

*

विगिलियाच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळपासून असं धुकं पडलं की समोरची इमारत पुसली गेली. धुकं की धूर, यावर झेनॉनचं स्वतःचं मत होतं. ते त्याने गिळलं.

पाहुणे दुपारी आले. योव्हिताने बापाच्या गालाचा मुका घेतला आणि पटकन त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दूध उतू जातंय का पाहावं तसं. तिमोन मागे कुंडीतलं लाल फूल घेऊन उभा होता.

"प्रवास कसा झाला?" झेनॉनने विचारलं. रस्त्यांबद्दल तो आणखी बरंच बोलू शकला असता.

"छान, बाबा. आम्ही गाडी घेतली. विजेची."

स्वयंपाकघरात यादविगाच्या हातातला झारा थांबला. झेनॉनच्या मानेवरची शीर एकदा उडाली. "चाकं चार आहेत?" तो म्हणाला.

"हो."

"छान."

टेबलावर पांढरं कापड घातलेलं होतं, कापडाखाली मूठभर सुकं गवत, कारण बाळ येशू गवतावर निजला होता. चौघांची चार ताटं, आणि पाचवं रिकामं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. या संध्याकाळी दार ठोठावेल त्याला, तो कोणीही असो, आत घ्यायचं आणि जेवू घालायचं. पाचवं ताट यादविगा नेहमी तडा गेलेलं ठेवायची. इतक्या वर्षांत कोणी अवचित आलं नव्हतं, मग चांगलं कशाला काढायचं.

पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही अशी रीत. पण धुक्यात चांदणी कुठली दिसायला. यादविगाने खिडकीतून पाहिल्यासारखं केलं. "निघाली."

"कुठे?"

"धुक्याच्या वर. बसा."

आधी पापडी. कागदासारखी पातळ, पांढरी, चर्चमधून आणलेली. जो तो दुसऱ्याच्या हातातली थोडी मोडून खातो आणि वर्षाच्या शुभेच्छा देतो. झेनॉन दर वर्षी देशाला चांगलं सरकार मिळो इथपासून सुरुवात करायचा. आज तो तिमोनसमोर पापडी धरून उभा राहिला आणि त्याला काही सुचेना.

"तब्येत चांगली राहो," तो म्हणाला. आणखी काही तरी हवं होतं. "आणि... तब्येत."

"तुम्हालाही, बाबा," तिमोन म्हणाला आणि त्याच्याकडे जरा काळजीने पाहत राहिला.

मग बीटचं सूप आलं, त्यात मश्रूम भरलेली चिमुकली कानोली. मग खारवलेला हेरिंग मासा. तिमोन मांस खात नसे, आणि विगिलियाच्या जेवणात मांस नसतंच, तेव्हा सगळं सोयीचं झालं होतं; फक्त मासा हे मांस आहे की नाही, यात चर्चचं मत एक होतं आणि तिमोनचं दुसरं. तीन वर्षांपूर्वीचा झेनॉन या मुद्द्यावर जेवण संपेपर्यंत बोलला असता.

"सूप गरम आहे," आजचा झेनॉन म्हणाला.

"हो," सगळे म्हणाले.

"गरम असलं की बरं."

"हो."

योव्हिताने कोबी भरून उकडलेले, करंजीसारखे पियेरोगी ताटात घेतले आणि आईला म्हणाली, "चल, तुला आतलं काढून देते." दोघी स्वयंपाकघरात गेल्या. त्या घरात स्वयंपाकघराला दार होतं, पण आवाजाला ते कधी आड आलं नाही.

"आई, खरं सांग. बाबांना काय झालंय?"

"काही नाही. त्याने शब्द दिलाय."

"शब्दाने माणूस असा होतो? त्यांनी तिमोनला विजेच्या गाडीबद्दल छान म्हटलं. डोकं तपासलंस का त्यांचं? आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं. एक दिवस एकदम गोड बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, बारीक झटका येऊन गेलाय."

"अगं, बरा आहे तो."

"तू लपवतेयस माझ्यापासून."

बाहेर टेबलाशी एकमेकांकडे न पाहता सासरा हेरिंगचे काटे काढत होता आणि जावई पियेरोगी कापत होता. झेनॉनच्या मनात आलं, बोललो तर पोरगी जाणार आणि न बोललो तर पोरगी मला दवाखान्यात नेणार.

आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की घर फारच शांत आहे. शांतता नुसती या टेबलावरची नव्हती. ती भिंतीतून येत होती. पलीकडे टीव्ही नव्हता. टीव्हीचं सोडा, एरवी या संध्याकाळी लुत्सियानचा मुलगा, सून, पोरं आयर्लंडहून आलेली असायची आणि त्यांच्या धावण्याने इकडची भांडी वाजायची. आज खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. लुत्सियानची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. आणि सकाळी दुकानात लुत्सियान पुढे उभा होता, तेव्हा त्याच्या हातात काय होतं? एक छोटा पाव. झेनॉनला तो पाव आत्ता आठवला.

यादविगा बाहेर आली.

"पास्तुश्काकडे कोणी आलंय का ग?"

"राजकारण," ती म्हणाली.

"शेजारी राजकारण?"

"हा शेजारी, हो."

झेनॉनने थोडा वेळ कार्प माशाशी झटापट केली. मग तो उठला, कपाटाजवळ गेला आणि चमच्याने भिंतीवर हलकेच ठक केलं. साच्याने नाही, सणाचा दिवस होता. उत्तर नाही. जरा जोराने ठक. काही नाही. लुत्सियानने ठकठक केलं नाही असं त्याच्या आठवणीत एकदाच झालं होतं, आणि तेव्हा लुत्सियान पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेलेला होता.

"बाबा, काय करतोयस?" योव्हिता दारातून म्हणाली. तिने तिमोनकडे पाहिलं. तिमोनने तिच्याकडे पाहिलं.

"येतो," झेनॉन म्हणाला आणि सपाता घालून जिन्यात गेला.

*

लुत्सियानने दार उघडलं तेव्हा तो सूट, टाय आणि चकचकीत बूट अशा थाटात होता.

"मला वाटलं मेलात," झेनॉन म्हणाला.

"तुमचं एवढं नशीब कुठलं, ग्रोहोल्स्कीसाहेब."

"मग भिंतीवर उत्तर का दिलं नाहीत?"

"प्रायश्चित्त आहे," लुत्सियान कडवट तोंडाने म्हणाला. "सणाआधी पापं कबूल करायला गेलो होतो. भिंतीचंही सांगितलं. फादर म्हणाले, सण संपेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही आणि टीव्ही लावायचा नाही."

"मीही भिंतीचं सांगितलं. मला नुसत्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या."

"फादर तुमच्याच पक्षाचे आहेत."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण झेनॉनची नजर आत गेली होती. छोट्या टेबलावर पांढरं कापड. कापडाखालून गवताची टोकं दिसत होती.

"गवत कुठून आणलंत?"

"ससे पाळणाऱ्यांच्या दुकानातून. तुमचं?"

"मेहुण्याच्या शेतातलं."

"असेल."

टेबलावर हेरिंगची बरणी, तो छोटा पाव, थोडे उकडलेले बटाटे. आणि ताटं दोन. एक साधं स्टीलचं, डब्याच्या झाकणासारखं. दुसरं कडेला सोनेरी रेघ असलेलं, लुत्सियानच्या बायकोच्या लग्नातल्या सेटमधलं; झेनॉनने ते ओळखलं, कारण त्या लग्नात तो जेवला होता.

"कोण यायचंय?"

"कोणी नाही. पोरं डब्लिनला अडकलीत. धुक्याने विमान रद्द."

"मग हे?"

"हे पाहुण्याचं." लुत्सियानचा आवाज जरा कडक झाला. "का? रीती फक्त तुमच्या पक्षाला आहेत का?"

झेनॉनला आपल्या टेबलावरचं तडा गेलेलं ताट आठवलं. तो घसा खाकरून म्हणाला, "आमच्याकडे चला. यादविगाने गावजेवण केलंय."

"कसा येऊ? दार कोणी ठोठावलं?"

"मी."

"उघडलं कोणी?"

"तुम्ही. पण..."

"मग पाहुणे तुम्ही. बसा. का पूर्वजांची रीत मोडायची आहे?"

झेनॉन आयुष्यभर इतरांना ज्या खुंटीला बांधत आला होता त्याच खुंटीला आज स्वतः बांधला गेला. तो सोनेरी रेघेच्या ताटासमोर बसला. लुत्सियानने पापडी पुढे केली. दोघांनी एकमेकांची कोर मोडली.

"तुम्हाला तब्येत," झेनॉन म्हणाला.

"तुम्हाला तब्येत," लुत्सियान म्हणाला. पापडी विरघळेपर्यंत थांबून त्याने जोडलं, "आणि देशाला चांगलं सरकार."

झेनॉनने टेबलाकडे पाहिलं. हे टेबल लहान होतं, एक पाय आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठा होता. त्याने ज्या टेबलावर हात ठेवून शब्द दिला होता ते हे टेबल नव्हतं.

"तुझं की माझं?" झेनॉन म्हणाला.

आणि बांध फुटला. दिवसभर गिळलेलं सगळं एका रांगेत बाहेर आलं: धुकं आणि धूर, कोळसा, विजेची गाडी, रविवारची दुकानं. लुत्सियान हेरिंग वाढत वाढत एकेकाला उत्तर देत गेला.

"रविवारी दुकान बंद ठेवून चर्च भरतं का रे? लोक पेट्रोल पंपावर सॉसेज खात बसतात."

"बसू दे. पण दुकानातली बाई तरी घरी बसते ना? तुझी आई रविवारी गल्ल्यावर असती तर तुला घरच्या सूपाची चवही कळली नसती."

"माझी आई रविवारीही राबायची. फक्त घरी राबायची, म्हणून तुला दिसत नव्हती."

"कारखाना कोणी विकला?"

"तुझ्या लोकांनी मत दिलेल्यांनी."

"तुझ्या लोकांनी विकला आणि आमच्या लोकांच्या नावावर मांडला."

"अरे, आपण दोघं एका घोंगडीत बसलो होतो. कोण तुझे लोक आणि कोण माझे?"

"घोंगडी माझी होती," झेनॉन म्हणाला. "हे विसरू नकोस. माझी घोंगडी, आणि तू कायम तुझ्याकडे ओढायचास."

"तू घोरायचास."

झेनॉनला इतकं मोकळं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. टीव्हीशी भांडण्यात एक खोट असते: टीव्ही कधी दुखावला जात नाही आणि वाढूनही देत नाही. "बाकी राहू दे," तो मूठ टेबलावर टेकवून म्हणाला, "तू ब्रसेल्सचा माणूस, तुला पाद्री नावडतात, तुझं चॅनल खोटं. पण आज एकटा असून तू ताट मांडलंस. का? कोण बघणार होतं?"

लुत्सियानने खांदे उडवले. "हात आपोआप गेला."

"बघ. तेच तर मी बोंबलतोय इतकी वर्षं. माणूस विसरतो, हात विसरत नाही. म्हणून रीत ठेवायची. सरकारं येतात, जातात, अक्कल येते, जाते..."

"तुझी गेलेलीच आहे."

"...गेली तरी हात ताट मांडतो."

त्याच वेळी भिंतीवर ठक झालं.

दोघंही दचकले. पुन्हा ठक. हा चमचा नव्हता. हा झेनॉनचाच साचा होता, त्याच्याच घरातून. भिंत पातळ होती हे तो विसरला होता. शब्द दिला टेबलाला, पण कान काही टेबलाला नव्हते. पलीकडे योव्हिताने सगळं ऐकलं असणार, कारखान्यापासून घोंगडीपर्यंत.

"उत्तर देऊ का?" लुत्सियानने हळूच विचारलं. "मला मनाई आहे. तू दे."

पण तेवढ्यात बेल वाजली. दारात योव्हिता उभी होती. अंगात कोट होता.

झेनॉनने तो कोट ओळखला. तीन वर्षांपूर्वीही हाच कोट होता, करडा, मोठ्या बटणांचा.

"मी त्या टेबलावर नाही बोललो," तो म्हणाला. "आईला विचार. त्या टेबलावर सूप गरम आहे एवढंच बोललोय."

"ऐकलं सगळं," योव्हिता म्हणाली. "आई म्हणत होती दार वाजव, मी म्हटलं थोडं थांब, कारखान्याचं होऊ दे." तिचे डोळे ओले होते आणि ती हसू दाबत होती. "बाबा, मला खरंच वाटलं तुझ्या डोक्याला काही झालंय. तू ओरडायला लागलास तेव्हा जिवात जीव आला."

"मग कोट का?"

"जिन्यात थंडी आहे." ती थांबली. "पूर्वी जास्त पडायची."

झेनॉनने जोरजोरात मान डोलावली.

"लुत्सियानकाका, चला," योव्हिता म्हणाली. "आईने पाठवलंय. आता दार मी ठोठावलंय, म्हणजे पाहुणी मी. आणि पाहुणी म्हणतेय की तिला तिकडेच जेवायचंय, यजमानासकट."

पूर्वजांची रीत आता लुत्सियानवरच उलटली होती. त्याने हेरिंगची बरणी उचलली. झेनॉनने सोनेरी रेघेचं ताट उचललं.

*

घरी यादविगाने तडा गेलेलं ताट केव्हाच उचललं होतं. लुत्सियानपुढे त्याचं सोनेरी ताट आलं, आणि झेनॉन बसायला गेला तेव्हा तडा त्याच्यापुढे होता. यादविगाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. योव्हिताचा करडा कोट दारामागच्या खुंटीवर लटकत होता. झेनॉनने बसण्याआधी एकदा तिकडे नजर टाकून खात्री केली.

"शब्द या टेबलावरचा होता," यादविगा कार्पचा तुकडा वाढत म्हणाली. "तो अजून आहे. दोघांनाही सांगते."

नुकताच कुठे रंगलेला वाद अर्धवट तोडून आणलेला, त्यामुळे दोघं म्हातारे खेळातून पकडून आणलेल्या पोरांसारखे एकमेकांकडे चोरून पाहत होते. लुत्सियान सूप पिऊन म्हणाला, "गरम आहे." झेनॉन म्हणाला, "गरम असलं की बरं." तिमोन हसला, पहिल्यांदाच.

झेनॉनने चमचा खाली ठेवला. "यादविगा, एक वाक्य. एकच. मग पुन्हा गप्प."

"कशाबद्दल?"

"विमानतळाबद्दल."

यादविगाने मुलीकडे पाहिलं. मुलीने नवऱ्याकडे.

"ते मी बोलायला नको होतं," झेनॉन तिमोनला म्हणाला, ताटाच्या तड्याकडे बघत. "ब्रसेल्सचं बोललो ते बरोबरच होतं, ते मी मागे घेत नाही. पण तू उडून जाणारा आहेस असं म्हणालो, ते चूक होतं. उडून जाणारा माणूस तीन वर्षांनी धुक्यातून गाडी चालवत परत येत नाही."

"ही एकापेक्षा जास्त वाक्यं झाली," लुत्सियान म्हणाला.

तिमोनचे कान लाल झाले. त्याने काटा उचलला, ताटातल्या पियेरोगीचे दोन तुकडे केले आणि ते खाल्ल्यावरच म्हणाला, "मला तेव्हा उत्तर द्यायचं होतं, बाबा. घरी पोचेपर्यंत सुचलं नाही."

"आता सुचलंय का?"

"सुचलंय."

यादविगाने झारा उगारला. पण योव्हिता आईच्या हातावर हात ठेवून बापाकडे वळली. लहानपणी कोळशाच्या बॉयलरचं दार उघडून आतली आग दाखव असा हट्ट करायची, तेव्हा तिचा चेहरा असाच असायचा.

"बाबा," ती म्हणाली, "तिमोनची गाडी विजेची आहे. तू त्याला अजून एक गोष्ट विचारली नाहीस."

झेनॉनने बायकोकडे पाहिलं. यादविगाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग खसखशीचा केक आणायला उठली. जाता जाता म्हणाली, "मासा खाताना बोलू नका. काटे असतात."

झेनॉनने माशाचं ताट बाजूला सारलं, बाह्या वर केल्या, आणि जावयाकडे खुर्ची वळवली.

"आता सांग," तो म्हणाला. "या धुक्यात ती चार्ज कुठे करणार आहेस?"